एका फेऱ्याला एक चित्र

संपादकांनी दिलेला विषय सरळ होता : विलायतेत वाढलेल्या मराठी माणसांच्या मनातून लहानपणीच्या बाहुल्यांच्या मालिका अजून जात का नाहीत, ते लिहा. माझ्याकडे हा विषय येण्याचं कारण माझा आत्येभाऊ. तो लेस्टरमध्ये वाढला. सुट्टीत वेल्ह्याजवळच्या पालीला आमच्याकडे आला की पाली दरवाजाने राजगड चढतो, पद्मावती माचीवर दम खातो आणि महाराजांचं सोडून एका गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी बोक्याबद्दल बोलत बसतो. त्या बोक्याचं नाव बॅगपस. १९७४ साली बीबीसीवर त्याचे अवघे तेरा भाग झाले. १९९९ मध्ये बीबीसीने प्रेक्षकांचा कौल घेतला, तर मुलांच्या कार्यक्रमांत हाच बोका पहिला आला.

आमच्या पिढीपर्यंत हा बोका पोचलाच नाही. १९७३ मध्ये सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभा राहिला आणि मुंबई केंद्राचे कार्यक्रम पुण्याकडे दिसू लागले. त्यातून आम्हाला ‘किलबिल’ मिळालं, रामदास पाध्यांचे अर्धवटराव मिळाले. पण अर्धवटराव डोळ्यांदेखत हलायचे, पाध्यांचा हात त्यांच्या पाठीत असायचा. बॅगपस हलायचा तेव्हा त्याच्या आसपास कुणीच नसायचं. पुढे पोगो वाहिनीवर बॉब द बिल्डर आला, स्वित्झर्लंडचा पिंगू आला, आणि आमच्या पोरांना ही जात माहीत झाली. स्टॉप मोशन हे नाव त्यांनीच मला सांगितलं.

करणी म्हटली तर सोपी. बाहुलीचा हात केसभर सरकवायचा, कॅमेऱ्याने एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायचा, पुन्हा घ्यायचं. ब्रिटिश टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रं लागत. प्रत्येक ठेवण दोनदा टिपली तरी सेकंदाला साडेबारा वेळा बाहुलीला बोट लावावं लागतं. पंधरा मिनिटांच्या भागाची २२,५०० चित्रं होतात. आत्येभावाला मी विचारलं, एवढं नेमकं काय आठवतं? म्हणाला, ‘गोष्टी नाही आठवत. त्याच्या अंगावरची लव थरथरायची, ते आठवतं.’ ती थरथर म्हणजे बोटांच्या खुणा. दर वेळी हात लागला की लव थोडी विस्कटते आणि ते विस्कटणं चित्रात उतरतं. बोका स्वस्थ बसलेला असतो तरी कातडीखाली काहीतरी चालू असल्यासारखं वाटतं. संगणकावरच्या गुळगुळीत कार्टूनमध्ये हे मिळत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या हळहळीचं मूळ इथेच आहे. पोराला कळत नसतं, पण कुणीतरी आत्ताच इथून हात काढून घेतलाय, हे त्याला जाणवतं.

या मालिकांचा इतिहास थोडक्यात उरकतो. गॉर्डन मरे यांची ‘कॅम्बरविक ग्रीन’ १९६६ ची. प्रत्येक भागात फिरत्या संगीतपेटीतून एक बाहुली वर यायची. मग ‘ट्रम्पटन’, ‘चिगली’, आणि १९८१ चा पोस्टमन पॅट. ऑलिव्हर पोस्टगेट आणि पीटर फर्मिन यांनी केंट परगण्यातल्या फर्मिनच्या गोठ्यात स्मॉलफिल्म्स ही कंपनी थाटली. फर्मिनने बाहुल्या करायच्या, पोस्टगेटने लिहायचं, हलवायचं आणि आवाज द्यायचा. कॅमेरा एकेक चित्र घेईल अशी जोडणी त्याने मेकॅनोच्या पट्ट्या-चाकांतून केली होती. १९६९ साली, माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी, या गोठ्यातून ‘क्लँगर्स’ आले : फर्मिनच्या बायकोने गुलाबी लोकरीत विणलेले, लांब नाकाचे, चंद्रासारख्या ग्रहावर राहणारे प्राणी. ते शिट्टीतून बोलायचे. शिट्टीवाल्यांसाठी संवाद मात्र साध्या इंग्रजीत लिहिलेले असत आणि एका जागी अडकलेल्या दारावर चिडून एक शिवी होती. बीबीसीतून हरकत आली. पोस्टगेटचं म्हणणं, ऐकू तर शिट्टीच येणार आहे!

मला या गोठ्याचं कौतुक वाटतं ते त्यांच्या कंजुषीसाठी. बाहुल्या फार चालत नाहीत. बॅगपस जांभई देतो, मान वळवतो, बाकीचं काम पोस्टगेटचा आवाज करतो. म्हणून ही दोन माणसं दिवसाला दोन मिनिटांचं काम उरकू शकत. एरवी दिवसभरात काही सेकंद झाले तरी पुष्कळ समजतात.

इथवर लिहून मी लेख पाठवणार होतो. पण विलायतेतला कॅमेरा आणि एकेक चित्र म्हटलं की नाशिककडच्या एका माणसाला टाळून पुढे जाता येत नाही.

दादासाहेब फाळके फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांना भेटले, त्यांच्या ओळखीने वॉल्टनला सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि एप्रिलमध्ये परतले. आता भांडवल हवं होतं. चित्रपट नावाची गोष्ट हा माणूस करू शकेल यावर सावकाराचा विश्वास बसायला काहीतरी दाखवणं भाग होतं. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा कुंडीसमोर रोखला. महिन्याभराहून अधिक काळ चित्रं घेतली. पडद्यावर बी फुटलं, कोंब वर आला, वेल चढला, हे सगळं जेमतेम मिनिटभरात. ‘अंकुराची वाढ’ पाहून यशवंत नाडकर्णी पैसे द्यायला तयार झाले. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा, ३ मे १९१३ चा.

ही गोष्ट सांगताना आपण ‘रोज एक चित्र’ असं सांगून मोकळे होतो. हिशेब करून पाहा. त्या काळी सेकंदाला साधारण सोळा चित्रं. महिन्याला तीस चित्रं म्हणजे पडद्यावर दोन सेकंदही नाहीत. सावकार खुर्चीत नीट टेकायच्या आत चित्रपट संपला असता. मिनिटभरासाठी साडेनऊशे चित्रं हवीत. महिन्यात ती बसवायची तर दिवस-रात्र धरून पाऊण तासाला एक, नुसता दिवस धरला तर त्याच्या दुप्पट वेगाने. आणि उजेड? सकाळचा, दुपारचा, ढगाळ, प्रत्येक वेगळा. पडद्यावर तो एकापाठोपाठ एक आला की चित्र लुकलुकतं. त्यामुळे ‘अंकुराची वाढ’ या गंमतशीर प्रयोगामागे घरात कुणीतरी सतत जागं, घड्याळाकडे पाहत असणार, असं मला वाटतं. त्यात फाळक्यांचे डोळे आधीच अधू झालेले. सरस्वतीबाई पुढे अंधारात फिल्मला भोकं पाडून द्यायच्या, ही नोंद आहे. वाटाण्यापाशी त्या नसतील असं मानायला मी तयार नाही.

यंत्राची एक खुबी इथे सांगायला हवी. हातदांड्याच्या त्या कॅमेऱ्यांत दांडीच्या एका फेऱ्याला सहसा आठ चित्रं उमटत. करामतीच्या चित्रपटांसाठी अनेक कॅमेऱ्यांना दुसरी जागा ठेवलेली असे, तिथे दांडी लावली की एका फेऱ्याला एकच चित्र. म्हणजे वेळ मोजण्याचं यंत्र माणसाच्या मनगटात आलं. फाळके जादूगारही होते, आपलंच नाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून प्रयोग करत. प्रेक्षकाने काय पाहायचं नाही, हे ठरवण्याची त्यांना सवय होती. दोन फेऱ्यांच्या मधला वेळ झाकून टाकला की वाटाणा आपोआप वाढतो.

१९१५ साली महायुद्धाच्या टंचाईत त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केला : काड्या आपण होऊन हलतात, आकृत्या करतात. फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८ मध्येच काड्या नाचवल्या होत्या. इंग्लंडमध्ये आर्थर मेलबर्न-कूपर याचाही काड्यांचा एक चित्रपट आहे, पण तो १८९९ चा की १९१४ चा यावर तिकडच्या अभ्यासकांचं अजून जुळत नाही. या पोटप्रकाराला काडीच का लागावी? काडीला सांधा नसतो, म्हणून तो सैल होत नाही. सगळ्या एका उंचीच्या. मोडली तर पेटीत दुसरी. युद्धाच्या काळात याहून स्वस्त नट मिळणं कठीण.

पुढची मराठी मुलुखातली वाट तुटक आहे. मुंबईत फेमसच्या ॲनिमेशन विभागात ई. सुरेश यांच्या हाताखाली अॅमरॉन बॅटरीच्या मातीच्या जाहिराती झाल्या, वैभव कुमारेश यांचा सिम्पू चॅनल व्हीवर आला. ‘तारे जमीन पर’मधली मातीची चित्रं धीमंत व्यास यांची, तेच ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओत ‘शॉन द शीप’वर काम करून आलेले. सुरेश यांनी पुढे आपल्या स्टुडिओत ‘टोकरी’ केला : बापाचं घड्याळ मोडलं म्हणून रस्त्यावर टोपल्या विकायला निघालेली मुंबईची मुलगी. पंधरा मिनिटांच्या आतला चित्रपट, तयार व्हायला आठेक वर्षं. मधला काळ जाहिरातींच्या कामांनी पोसला. मालिका मात्र नाही. तेरा भाग, दर आठवड्याला, मराठीत, असं कुणी विकत घेतलेलं मला तरी दिसत नाही.

आणि जे होतं ते टिकत नाही. ‘अंकुराची वाढ’ आणि ‘आगकाड्यांची मौज’ आज पाहायला मिळत नाहीत. नायट्रेटची फिल्म कापसासारखी पेटते आणि स्वतःचा प्राणवायू स्वतःच पुरवते, त्यामुळे पाणी ओतून विझत नाही. पुण्यात चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. तरी २००३ च्या जानेवारीत प्रभातच्या जुन्या आवारात साठवलेल्या नायट्रेट फिल्मला आग लागली आणि मूकपटांच्या काळातली कितीतरी रिळं गेली. इंग्लंडचं नशीब फारसं वेगळं नाही. आर्डमनचं गोदाम २००५ मध्ये जळालं. गॉर्डन मरे यांनी तर कॅम्बरविक ग्रीनच्या बहुतेक बाहुल्या स्वतःच जाळल्या. बाहुल्यांच्या फोम-लेटेक्सच्या कातडीचा काही वर्षांत चुरा होतो, तिला आग लागायचीही गरज नसते.

मातीचीही पंचाईत. बाथजवळच्या विल्यम हार्बट या कलाशिक्षकाने १८९७ मध्ये न सुकणारी माती, प्लॅस्टिसीन, बनवली म्हणून हा सगळा पसारा उभा राहिला. आर्डमनला न्यूप्लास्ट नावाची माती पुरवणारा कारखाना २०२३ मध्ये बंद झाला, तेव्हा वॉलेस आणि ग्रोमिट या त्यांच्या मातीच्या जोडीचं आता कसं होणार म्हणून विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी गलका केला. स्टुडिओने सांगितलं, साठा आहे, पर्याय शोधतोय.

आमच्या पालीत न सुकणारी माती मिळत नाही. बेंदराला पोरं ओढ्याकाठची चिकणमाती आणून बैल करतात. या वर्षी माझ्या चुलतभावाच्या धाकट्याने तो बैल मोबाइलवर हलवायचा घाट घातला. पुठ्ठ्याच्या खोक्याला चीर पाडून त्यात मोबाइल उभा केला, मागे शेणाने सारवलेली भिंत. पाय सुकले ते बरंच झालं, बैल उभा राहिला. पण मान हलवायची तर ती ओली हवी, म्हणून मानेवर ओलं फडकं. पहिली चित्रं झाली आणि भलतीच अडचण निघाली : ओली माती काळपट, सुकलेली पांढुरकी. मोबाइलवर पाहिलं तर बैल वळताना त्याची मान रंग बदलत होती. दाराचा उजेड सरकतो म्हणून दार लावून बल्ब लावला, तर व्होल्टेज खालीवर होऊन भिंत लुकलुकायला लागली. कॅमेऱ्याचा उजेड पक्का करायचं बटण त्याला सापडलं, पण बल्बचं काय करणार? शेवटी इन्व्हर्टरवरचा एलईडी आणला. मानेसाठी त्याने वेगवेगळ्या वळणांची पाच डोकी केली, उन्हात एकदमच सुकवली आणि धडावरच्या खिळ्यावर एकामागून एक बसवत गेला. रंगाचा प्रश्न मिटला. विलायतेत मोठे स्टुडिओ तोंडाच्या हालचालींसाठी हीच युक्ती वापरतात, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

खिळ्याचं भोक मात्र दर बदलाला मोठं होत गेलं आणि चौथ्या डोक्यानंतर मान डुगडुगू लागली. मी पोस्टगेटची गोष्ट सांगितली : बैल जागेवरच बसू दे, नुसती मान वळव, बाकीचं तू बोल. तो माझ्याकडे बघतच राहिला.

‘काका, बैल काय बसायला केलाय का? शर्यत करायचीय.’

शर्यतीला दोन जोड्या, सोळा पाय, मागे गाड्या. मी सेकंदाला बाराच्या हिशेबाने कागदावर आकडा काढून दिला. त्याने तो वाचला, मागच्या बाजूला चाकाचं चित्र काढलं आणि चाकाला आरे किती ठेवू, असं विचारलं.