पोषक गोळ्या आणि कुमारवयातील मन

लष्करातील आपल्या घरांत परीक्षा जवळ आली की मुलांच्या दुधात काहीतरी मिसळले जाते: कुणी शंखपुष्पी, कुणी बदाम, तर कुणी ‘बुद्धिवर्धक’ चूर्ण. त्यामागील माया समजण्याजोगी आहे. परंतु हुशार मुलगा एकाएकी अभ्यासात मागे पडतो, मित्रांना टाळतो, रात्ररात्र जागतो, आपल्याविषयी कुणी कुजबुजत आहे असे त्याला वाटू लागते, तेव्हाही आपण तीच बाटली पुढे करतो. येथे मात्र थांबून विचार केला पाहिजे.

अशी लक्षणे चित्तभ्रमाची पूर्वसूचना असू शकतात. मनोविकारतज्ज्ञ ज्यांना जोखमीच्या अवस्थेत गणतात, त्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शास पुढील तीनेक वर्षांत आजार जडतो; बहुतेकांना जडत नाही. स्मरण, अवधान आणि विचारांचा वेग मात्र या अवस्थेतच काहीसा मंदावलेला आढळतो. म्हणून गुण घसरले की आळसाचा शिक्का मारण्याची घाई करू नये.

मेंदूतील पेशींच्या आवरणात ओमेगा-३ जातीची मेदाम्ले असतात. ती बाहेरून पुरविली तर आजार टळेल काय? व्हिएन्ना येथे पॉल अमिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ ते २५ वयाच्या ८१ जणांवर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. बारा आठवडे माशाच्या तेलाच्या गोळ्या घेतलेल्या ४१ पैकी २ जणांस, तर नुसत्या दिखाऊ गोळ्या घेतलेल्या ४० पैकी ११ जणांस वर्षभरात आजार झाला. साहजिकच मोठी आशा निर्माण झाली. पुढे अनेक देशांतील ३०४ तरुणांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, आणि दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. स्मरण व अवधानाच्या कसोट्यांवरही तेलाची सरशी दिसली नाही. मात्र या प्रयोगात दोन्ही गटांना नियमित मानसोपचार मिळत होता, आणि सहा महिन्यांत आजार झालेले कोणत्याही गटात शेकडा सातांहून कमीच होते. मला ही गोष्ट गोळीपेक्षा महत्त्वाची वाटते.

आपल्या जवसाच्या चटणीतही (येथील बाजारात तिला अलसी म्हणतात) ओमेगा-३ असते. परंतु त्याचे माशातील प्रकारात रूपांतर शरीर फारच थोडे करते. चटणी अवश्य खावी, औषध म्हणून नव्हे. शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव मात्र खरोखर आढळते. तिने विसराळूपणा, हातापायांना मुंग्या, क्वचित भ्रमही होतो. रक्ततपासणीत ती सापडते आणि उपचाराने भरून निघते. तेथे पूरक औषध खरेच उपयोगी पडते.

ग्वाल्हेरच्या मानसिक आरोग्यशाळेचे नाव निघाले की आपल्या घरांत आवाज खाली येतो. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आग्रा, रांची व ग्वाल्हेर येथील या संस्थांवर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपविले होते, इतकी त्या काळी परिस्थिती चिंताजनक होती. त्या आठवणींपायी मुलाची पहिली तपासणी महिनोन्‌महिने लांबते. तपासणी म्हणजे भरती नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय राखण्याचा हक्क दिला आहे. २०२२ पासून केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही अहोरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे; पालकांनी स्वतः फोन केला तरी चालतो.