अंगठा दिला, पण वाचले काय?

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली हे लहानसे गाव २९ सप्टेंबर २०१० रोजी देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. देशातील पहिली आधार कार्डे त्या दिवशी टेंभलीत वाटण्यात आली. तेव्हापासून रेशन, पेन्शन, बँक, जिथे जावे तिथे अंगठा लागतो. पूर्वी अंगठा उठवणे ही अडाणीपणाची खूण मानली जाई. आज प्राध्यापकही अंगठा देतो आणि मजूरही देतो. मात्र मशीनमधून निघालेली पावती एकाला वाचता येते, दुसऱ्याला येत नाही.

हा फरक पोटाशी येऊन भिडतो. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर ३५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षे हे धान्य मोफत आहे. ही बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती. जी आजी बातमी आणि पावती वाचते, ती कमी माप पडले तर दुकानदाराला जाब विचारू शकते. जिला वाचता येत नाही, ती मिळेल तेवढे पदरात घेऊन घरी येते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के होती, तर नंदुरबार जिल्ह्याची ६४.३८ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. स्त्रियांचे प्रमाण त्याहूनही कमी होते. आज साठी-सत्तरीत असलेल्या कित्येकांचे बालपण गुरे राखण्यात आणि मजुरीत गेले. त्यांना वाचनाचे नाव काढले की उत्तर येते, “आता या वयात काय करायचे शिकून?”

आपल्या समाजाने तरी हा प्रश्न विचारू नये. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले, तेव्हा आपल्या वस्त्यांत अक्षर ओळखणारे फार थोडे होते. एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी भोवती बसून ऐकायचे, अशीच ती पत्रे घरोघर पोहोचली. स्वतः बाबासाहेब पासष्टाव्या वर्षी, शरीर थकलेले असताना, ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे काम करीत होते.

म्हातारपणी वाचायचे तर आधी डोळे तपासून घ्यावेत. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसते, त्याला चष्मा लागतो. मोतीबिंदू असेल तर सरकारी रुग्णालयात त्याची शस्त्रक्रिया मोफत होते. “डोळे गेले” म्हणून घरात बसून राहू नये. ज्यांना अक्षरओळखच नाही, त्यांच्यासाठी २०२२ पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. पंधरा वर्षांपुढील कोणालाही त्यात शिकता येते. चौकशी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत करावी. मार्च २०२४ मध्ये राज्यात या कार्यक्रमाची १५० गुणांची परीक्षा झाली.

वाचता येऊ लागले की बातमी पारखायलाही शिकावे. ती कोणी दिली, कुठली आहे, कोणत्या तारखेची आहे हे आधी पाहावे. मोबाईलवर आलेला प्रत्येक संदेश खरा नसतो. भगवान बुद्धांनी केसपुत्त नगरातील कालामांना हेच सांगितले होते, की ऐकीव आहे किंवा ग्रंथात आहे एवढ्यावरून काहीही स्वीकारू नका, स्वतः तपासून पाहा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आजच्या मोबाईललाही लागू पडतो.

घरी एक साधी वही ठेवावी. रोज संध्याकाळी तारीख घालून दिवसाची एक बातमी आणि तिच्यावरचे आपले मत दोन ओळींत लिहावे. कोणी काय आश्वासन दिले होते आणि पुढे काय झाले, हे मग वहीच सांगते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला, तो दिवस आजच्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे. त्या वेळी लोकांनी काय आशा धरली आणि काय पदरी पडले, हे त्यांनी लिहिले नाही तर नातवंडांना कोण सांगणार?

मुलासुनांनी एवढे करावे. वर्तमानपत्र आधी आजी-आजोबांच्या हाती द्यावे. त्यांना वाचता येत नसेल तर नातवाने रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचून दाखवावे आणि एकेक अक्षर गिरवून घ्यावे. विहारात रविवारी वंदनेनंतर आठवड्याच्या बातम्यांचे वाचन ठेवावे. त्याला पैसा लागत नाही. पुढच्या महिन्यात रेशनची पावती हातात आली, की ती आजीनेच वाचावी.