खाज्या नाईक

खाज्या नाईक : (? – १८६०). १८५७ च्या उठावातील खानदेशचा एक प्रमुख भिल्ल नेता. सरकारी कागदपत्रांत त्याचे नाव काजरसिंग असेही आढळते. शिरपूर तालुक्यातील (जि. धुळे) सांगवी परिसरात त्याच्या घराण्याचे वास्तव्य होते. वडील गुमानसिंग नाईक हे सेंधवा घाटाचे रखवालदार होते.

१८१८ मध्ये खानदेश ब्रिटिशांच्या ताब्यात आला. डोंगरवाटांवरील भिल्ल नाईकांचे परंपरागत हक्क त्यामुळे धोक्यात आले व लागोपाठ उठाव झाले. केवळ लष्करी बळाने सातपुडा ताब्यात राहत नाही, हे ध्यानी आल्यावर सरकारने सामोपचाराचे धोरण अंगीकारले. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली. घाटांच्या संरक्षणाचे काम वेतन देऊन नाईकांकडेच सोपविण्यात आले. मुंबई–आग्रा मार्ग सातपुडा ओलांडतो तो सेंधवा घाटातून. व्यापारी माल, टपाल व खजिना यांची ने-आण याच वाटेने होत असल्याने येथील नाईकाचे पद महत्त्वाचे होते.

खाज्याने १८३१ ते १८५१ अशी वीस वर्षे घाटाची चौकी सांभाळली. पुढे मारहाणीत एका कैद्याचा मृत्यू घडवून आणल्याच्या आरोपावरून त्यास दहा वर्षांची शिक्षा झाली. ती पुरी होण्यापूर्वीच त्याची सुटका झाली. १८५७ मध्ये उत्तरेत उठावाचा भडका उडाल्यावर सरकारने त्याला पुन्हा नोकरीत घेतले. परंतु थोड्याच दिवसांत तो आपल्या अनुयायांसह उठावात सामील झाला. बडवानीकडील भीमा नाईक हा त्याचा प्रमुख सहकारी होय. भिल्लांखेरीज मकराणी व अरब शिपाईही त्यांना येऊन मिळाले. टपालकचेऱ्या लुटणे, तारा तोडणे व रस्ता अडविणे ही त्यांच्या लढ्याची मुख्य अंगे होती. नोव्हेंबर १८५७ मध्ये त्यांनी घाटात सुमारे सात लाख रुपयांचा खजिना हस्तगत केला. ज्या वाटेच्या रक्षणासाठी सरकारने नाईकांना नेमले, तीच वाट नाईकांच्या माहितगारीमुळे सरकारला बंद झाली.

११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील आंबापाणी येथे मोठी लढाई झाली. मेजर इव्हान्सच्या फौजेशी सुमारे दीड हजार बंडवाले खडकांच्या आडोशाने लढले. त्यांचे पासष्ट लोक ठार व सुमारे १७० जखमी झाले. मृतांत खाज्याचा मुलगा पोलादसिंग होता. पकडलेल्या सत्तावन्न जणांना जागच्या जागी लष्करी न्यायालयापुढे उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. अनेक भिल्ल स्त्रियाही कैद झाल्या. एवढ्या हानीनंतरही चळवळ पुरती थांबली नाही. १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून निमाडातून गेला, तेव्हा भिल्ल त्यास मिळतील अशी धास्ती सरकारला वाटत होती. १८६० मध्ये एका मकराणी जमादाराने विश्वासघाताने खाज्याचा वध केला. भीमा नाईक १८६७ मध्ये पकडला गेला. त्याला काळ्या पाण्याची शिक्षा झाली व १८७६ मध्ये अंदमानात त्याचे निधन झाले.

खाज्याच्या कार्याचे मूल्यमापन करताना एक अडचण येते. त्याच्यासंबंधीची बहुतेक लेखी माहिती त्याच्याशी लढलेल्या अधिकाऱ्यांनी नोंदविलेली आहे. तीत त्याची गणना लुटारूंत होते. त्याच्या बाजूचा लेखी वृत्तांत मागे राहिलेला नाही. वैयक्तिक शिक्षेचा रोष हेच उठावाचे एकमेव कारण मानणे मात्र अपुरे ठरते. एका माणसाच्या रोषासाठी शेकडो कुटुंबे मुलाबाळांसह डोंगरात प्राणांतिक लढा देत नाहीत. चाळीस वर्षांत जंगल व घाटवाटांवरील अधिकार गमावलेल्या समाजाचा असंतोष या नेतृत्वामागे उभा होता. सरकारी वेतनाने तो काही काळ शमला, तरी विझला नाही. या दृष्टीने खाज्या नाईक हा खानदेशातील आदिवासी प्रतिकाराच्या परंपरेतील एक महत्त्वाचा दुवा ठरतो.