दिवाळीनंतरचा वर्ग

जालन्याकडून मंठा ओलांडून येणारी एसटी देवगाव फाट्यावर थांबते. इथून एक रस्ता सेलूला जातो, दुसरा चारठाण्यावरून जिंतूरला. जिल्हा परिषदेच्या शाळेवर नव्याने नेमणूक झालेली कितीतरी तरुण मुलं-मुली पाठीवर सॅक आणि हातात आदेशाची प्रत घेऊन अशा फाट्यांवर उतरतात आणि पुढच्या गावाची काळीपिवळी शोधतात. टीईटी झाली, अभियोग्यता चाचणी झाली, पवित्र पोर्टलच्या यादीत नाव लागायला वर्षं गेली. आता हाती तीन वर्षांची शिक्षणसेवकी आहे. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन १ जानेवारी २०२३ पासून सहा हजारांवरून सोळा हजार झालं. खोलीभाडं, खाणावळ, गावी पाठवायचे पैसे आणि येण्याजाण्याचा खर्च एवढ्यात भागवायचा म्हणजे ओढाताण होतेच.

जून ते ऑक्टोबर हे महिने कसे जातात ते त्यांना पुरतं कळत नाही. परिपाठ, हजेरी, पोषण आहाराची नोंद (पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम धान्य), यू-डायसची माहिती, शिक्षण परिषद, सतरा सप्टेंबरचं झेंडावंदन, मग संकलित चाचणी. दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी बैठकीला गेले की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. टेक्सास विद्यापीठातल्या फ्रान्सिस फुलर यांनी १९६९ साली शिक्षकांच्या काळज्यांचा अभ्यास मांडला होता. नव्या शिक्षकाला आधी स्वतःचीच काळजी असते, असं त्यांना दिसलं. वर्ग माझं ऐकेल का, साहेब काय म्हणतील, गाव मला मानेल का? मूल शिकतंय की नाही ही काळजी मागून येते. यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. पण सेलू-जिंतूरच्या पट्ट्यात ती मागून येऊन चालत नाही. इथे वर्षाची खरी परीक्षा दिवाळीला लागूनच उभी असते.

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की मुकादम ऊसतोडीसाठी टोळी भरतो. नवराबायको मिळून एक कोयता. उचल पावसाळ्यातच घेतलेली असते आणि ती घरात, दवाखान्यात, लग्नात संपलेलीही असते. गाडी निघते तेव्हा पोरंही तिच्यात बसतात, कारण मागे सांभाळणारं कुणी नसतं. मोठी मुलगी तर फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, धाकट्या भावाला राखण्यासाठी लागतेच. जूनपासून ज्या मुलाला अक्षर ओळखायला लावलं, तो मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाही. आला की पाटी पुन्हा कोरी. पहिल्या वर्षाच्या शिक्षकाला हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. सुट्टीनंतर तो हजेरी घेतो, नावामागून नाव गैरहजर लागतं, आणि त्याला वाटतं, आपलंच काही चुकलं.

त्याचं काही चुकलेलं नसतं. मात्र करण्यासारखं बरंच असतं, आणि ते गाडी निघण्याआधीच करावं लागतं.

पहिलं काम घरोघरी जाण्याचं. कुणाच्या घरात आजी आहे, कोण चुलत्याकडे राहू शकेल, हे वर्गात बसून कळत नाही. शाळा व्यवस्थापन समितीने आधीच ठराव करून प्रस्ताव पाठवला तर हंगामी वसतिगृहाची सोय होऊ शकते. मूल नातेवाइकाकडे गावातच राहतं आणि जेवण शाळेकडून मिळतं. ज्यांना जावंच लागतं त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्यावं, म्हणजे जिथे कोपी पडेल तिथल्या शाळेत त्यांना बसता येतं. कागद नाहीत म्हणून शिक्षण हक्क कायद्याने कुठलीही सरकारी शाळा मुलाला परत पाठवू शकत नाही. ही गोष्ट आईबापाला त्यांच्या ओट्यावर बसून, दोनदा सांगावी. मुकादमाचा फोन नंबरही घेऊन ठेवावा.

जिंतूरकडच्या बंजारा तांड्यांवर शिक्षकाला आणखी एक शिकणं असतं. घरी मूल गोरमाटी बोलतं, आईला याडी म्हणतं, आणि पहिलीत आल्या आल्या समोर पुस्तकातली मराठी येते. ते गप्प बसलं की मंद आहे असा शिक्का मारणं फार सोपं. ज्या गुरुजींनी पहिल्याच महिन्यात मुलांकडून पन्नास गोरमाटी शब्द शिकून घेतले, त्यांच्या वर्गातली पोरं बोलती होतात. मला हे कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा मोलाचं वाटतं.

परत आलेल्या मुलाचं काय करायचं, याचं एक साधं साधन हाताशी आहे. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या सर्वेक्षणात २००५ पासून मुलाला एकेकटं बसवून अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट वाचायला देतात. एका मुलाला काही मिनिटं लागतात. तीच तपासणी आपल्या वर्गात करायची आणि इयत्ता बाजूला ठेवून मूल जिथे अडलं त्या गटात त्याला रोज तासभर बसवायचं. चौथीतला मुलगा दुसरीतल्याबरोबर शब्द वाचत बसला तरी बिघडत नाही. अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती नव्या शिक्षकाला फार असते. पण न वाचणाऱ्या मुलापुढे पुरा केलेला अभ्यासक्रम फक्त दप्तरात पुरा असतो.

मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावं, हे महाराष्ट्राने फार पूर्वी करून पाहिलं आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. बालवाडीची वेळ झाली तरी वस्तीतली मुलं येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात गेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा भरवली. ताराबाईंचे भावनगरचे सहकारी गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधल्या शिक्षकालाही एका वर्षासाठी एक वर्ग मिळतो. पहिल्या दिवशी त्याने आखलेलं सगळं कोसळतं. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो आणि वर्ग त्याच्याभोवती गोळा होतो. पहिल्या वर्षाच्या शिक्षकाने हे छोटं पुस्तक जवळ ठेवावं.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुम्ही सुट्टीत घरी असाल, फराळ चालू असेल. नव्या गुरुजींनो, बाईंनो, एवढं करा. या वर्षी सुट्टी संपायच्या चार दिवस आधी फाट्यावर उतरा. शाळेचं कुलूप नंतर उघडा. आधी वस्तीत जाऊन विचारा, गाडी कधी निघणार आहे.