शिंपल्यांचें दफ्तर

ज्या जमिनीची नोंद दफ्तरांत सांपडत नाहीं, तिच्याविषयींचा तंटा मिटतां मिटत नाहीं, हें शेतकरी बंधूंस सांगणें नलगे. नद्यांचेंहि असेंच एक दफ्तर आहे. अमेरिकेंतील पदार्थसंग्रहालयांच्या खणांत जपलेले गोड्या पाण्यांतील शिंपले हेंच तें होय.

उत्तर अमेरिकेंत या शिंपल्यांच्या सुमारें ३०० जाती नोंदल्या गेल्या. फिलाडेल्फियाचे ग्रंथप्रकाशक आयझॅक ली (१७९२–१८८६) यांनीं शेंकडों शिंपल्यांस नांवें दिलीं; त्यांचा संग्रह पुढें वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. एकाच जातीस त्यांनीं पुष्कळदां निरनिराळीं नांवें दिलीं होतीं. परंतु मूळ शिंपले शाबूत असल्यामुळें मागाहून आलेल्या विद्वानांस ही नोंद दुरुस्त करितां आली.

पुढें नद्यांची स्थिति पालटली. १८९१ सालीं बोपल नांवाच्या जर्मन कारागिरानें मिसिसिपीकांठच्या मस्कटीन गांवीं शिंपल्यांच्या गुंड्या करण्याचा धंदा काढला, आणि शिंपले बेसुमार उपसले जाऊं लागले. टेनेसी नदीवरील मसल शोल्स या उथळ जागीं सुमारें ७० जाती नांदत होत्या. तेथें १९२४ सालीं विल्सन धरण पुरें झालें व तो उथळ प्रवाह खोल पाण्याखालीं गेला. या शिंपल्यांचीं पिलें प्रथम माशांच्या कल्ल्यांस चिकटून वाढतात. माशांची वाट अडली म्हणजे शिंपल्यांचा वंशहि खुंटतो. शेतांतून वाहून येणारा गाळहि त्यांस गुदमरवितो. अखेर २०२३ सालीं अमेरिकन सरकारनें शिंपल्यांच्या ८ जाती नामशेष झाल्याचें ठरविलें.

त्या जाती पूर्वीं कोठें होत्या, हें आतां खणांतील शिंपलाच सांगतो. झाडाच्या खोडाप्रमाणें त्याच्या कवचांतहि वाढीचीं वलयें असतात; त्यांवरून त्याचें वय व वाढ कळते, आणि कवचाच्या पृथक्करणानें त्या काळच्या पाण्याचीहि कांहीं माहिती मिळते. मात्र सोबतच्या चिठ्ठीवर नदी, ठिकाण व तारीख नसेल, तर सुंदर शिंपलाहि मुका साक्षीदार ठरतो.

महसुली दफ्तरांत हयात घालविलेल्या आम्हांस ही गोष्ट विशेष पटते. आपल्या देशांतहि १९१६ सालीं स्थापन झालेलें भारतीय प्राणिसर्वेक्षण खातें असे संग्रह राखून आहे. वाचकांनीं शेतांतील कीड, बियाणें वा मातीचा नमुना तपासणीस पाठवितांना गांव, शेत व तारीख लिहिण्यास चुकूं नये. आज क्षुल्लक वाटणारी ती ओळ उद्यां एकमेव पुरावा ठरूं शकेल.