पांप्लमूसचा बगीचा

मांजरेचे पात्र वैशाखात कोरडे ठणठणीत पाहिलेल्या, आणि २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले तो काळ सोसलेल्या नांदेड-लातूरकडील मनुष्यास मॉरिशसच्या डोंगराळ, उष्ण बेटावरील पांप्लमूसचा बगीचा केवळ ऐश्वर्याचे प्रदर्शन वाटण्याचा संभव आहे. परंतु हा बगीचा मुळात विलासासाठी नव्हे, पोटापाण्याच्या निकडीतून उभा राहिला. फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बूर्दोने याने १७३५ च्या सुमारास येथे मळा केला तो बंदरात येणाऱ्या गलबतांना भाजीपाला पुरविण्याकरिता. पुढे मुलकी कारभारी प्येर प्वाव्र याने मसाल्यावरील डचांचा मक्ता मोडण्याचा ध्यास घेतला, आणि १७७० साली मोलुक्का बेटांतून जायफळ व लवंगेची रोपे येथे येऊन रुजली. लवंग तर येथून पुढे झांजिबारपर्यंत पोहोचली. आपल्या पुरणात पडणारे जायफळ झाडावर पाहण्याचा योग मराठवाड्यात कोठून यावा? पिकलेले पिवळसर फळ उकलते, आतील तपकिरी बीवर जायपत्रीची तांबडीलाल जाळी आवळून बसलेली दिसते, आणि एवढ्या चिमुकल्या वस्तूसाठी आरमारे झुंजली हे मनाला पटावयास वेळ लागतो.

प्रवाशांची झुंबड मात्र महाकमळांच्या तळ्यावर. काठ वर वळलेली परातीएवढी पाने, पहिल्या रात्री पांढरे व दुसऱ्या रात्री गुलाबी होणारे फूल, हे सारे खरोखर मनोहर आहे. त्याहून मला श्रीताळ थोर वाटला: कित्येक दशके वाढतो, आयुष्यात एकदाच फुलतो आणि फळे धरून वठतो. स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांची समाधी याच बागेत असून १९८८ पासून बाग त्यांच्या नावाने ओळखली जाते. श्रीताळाच्याच कुळातले एक झाड बेटावरील दुसऱ्या, उंचावरच्या पावसाळी क्युरपिप गावच्या बागेत आहे. त्याच्या जातीचे दुसरे झाड रानात उरलेले नाही.

या बेटाचे खरे पीक ऊस. १८३४ पासून करारबद्ध मजुरांचे तांडे त्याच्या फडांत राबावयास आले. त्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या वंशजांनी मराठी भाषा शाळांतून टिकविली, आणि गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. उसाचे नाते उलट दिशेनेही आहे: ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांनी १८२७ साली ओटाहिटी जातीच्या उसाचे बेणे याच बेटावरून जबलपूरकडे आणले. आमच्या उसतोडीच्या टोळ्या, मुकादमाची उचल आणि कोयता ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना या मजुरांचा इतिहास परका वाटणार नाही. मजुरांच्या घामावर ही साखर उभी राहिली ही गोष्ट मला कमळांच्या वर्णनाहून अधिक महत्त्वाची वाटते.

म्हणून उदगीर-निलंग्याकडून जाणाऱ्याने आधी मसाल्याच्या झाडांकडे वळावे, दालचिनीचे पान चुरगळून हुंगावे, मार्गदर्शकाला उसाविषयी विचारावे. तळे त्यानंतर पाहिले तरी चालेल.