शिकाऊ उमेदवारी आणि पालकाची सही

दहावीचा निकाल लागला की आपल्या पांढरपेशा घरांत अकरावीच्या शाखेखेरीज दुसऱ्या कशाचा विचार सहसा होत नाही. आणि ज्या मुलाचे मन पुस्तकापेक्षा हत्यारात अधिक रमते, त्याच्यापुरता तो झालाच तर काहीशा संकोचाने, जवळजवळ नाइलाजाने होतो. ‘निदान आयटीआय तरी कर’ हे वाक्य ज्या स्वरात उच्चारले जाते, त्या स्वरातच मुलाच्या निवडीची अर्धी अवहेलना होऊन गेलेली असते. वास्तविक कारखान्यातील अप्रेंटिसशिप हे एक रीतसर शिक्षण असून त्यास कायद्याचे अधिष्ठान आहे, आणि कोणत्याही शिक्षणाप्रमाणे त्यातही उत्तम, मध्यम व निकृष्ट असे प्रकार आहेत. महाविद्यालय निवडताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. उमेदवारीच्या बाबतीत मात्र ‘कुठेतरी चिकटला’ एवढ्यावर समाधान मानतो, हे मला अनाकलनीय वाटते.

या अनास्थेला इतिहास आहे. आपल्याकडे उमेदवारीचा पहिला कायदा १८५० साली झाला, तो मुख्यतः धर्मादायावर वाढणाऱ्या अनाथ व गरीब मुलांसाठी. दहा वर्षांवरील आणि अठरा वर्षांखालील मुलास बापाने अगर पालकाने करारनामा करून धनी कारागिराच्या स्वाधीन करावे, मुदत सात वर्षांहून अधिक नसावी, ती मुलाच्या एकविसाव्या वर्षापलीकडे जाऊ नये, आणि मुलगी असल्यास तिच्या विवाहापलीकडे जाऊ नये, अशी त्यात तजवीज होती. हातकामाचे शिक्षण म्हणजे निराधारांची सोय ही आपल्या मनात घर करून बसलेली समजूत जातिव्यवस्थेने पोसली हे खरेच, परंतु सरकारी दप्तरानेही तिला हातभार लावला.

१९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा १ मार्च १९६२ पासून अमलात आला आणि त्याने जबाबदारीचे ओझे कारखानदाराच्या खांद्यावर ठेवले. आजच्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेस एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे. प्रवेशाचे मार्ग निरनिराळे आहेत. मुंबईतील माझगाव डॉकसारखी संस्था आठवी, दहावी आणि आयटीआय अशा तिन्ही पायऱ्यांवरून मुले घेते. हॉटेल, दुकाने, रुग्णालये अशा क्षेत्रांत सहा ते छत्तीस महिन्यांचे ऐच्छिक व्यवसायही निघाले आहेत. परंतु फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांपैकी एखादा व्यवसाय प्रथम आयटीआयमध्ये शिकून मग रेल्वेच्या परळ-माटुंगा कार्यशाळेत, खडकी-अंबरनाथच्या आयुध निर्माणीत किंवा चाकण, सातपूर, वाळूजच्या कारखान्यात वर्षभर हात बसविणे, हा मार्ग सर्वांत भक्कम, असे माझे मत आहे.

विद्यावेतनाविषयी भ्रम नसावा. २०१९ च्या नियमांनी दहावी उत्तीर्णास दरमहा किमान ६,००० आणि बारावी किंवा आयटीआय झालेल्यास ७,००० रुपये ठरविले. दुसऱ्या वर्षी त्यात दहा टक्के वाढ. चालू दर अर्जाच्या वेळी विचारून घ्यावा. पण पिंपरी-चिंचवडला खोली घेऊन राहणाऱ्या मुलाचा खर्च यात भागणार नाही, हे घरात आधीच मोकळेपणाने बोललेले बरे.

खरी पारख कारखान्यातच होते. मुलाला बरोबर घेऊन, शक्य तर पूर्वपरवानगीने, तेथे जावे आणि प्रश्न मुलालाच विचारू द्यावेत. वडीलधारे बोलत राहिले की समोरचा इसमही वडीलधाऱ्यांशीच बोलतो, आणि ज्याला तेथे उभे राहायचे आहे तो चपलांकडे पाहत राहतो. उमेदवारांसाठी स्वतंत्र निदेशक आहे की ज्याला वेळ मिळेल तो शिकवतो? मुलगा लेथवर किती दिवसांनी उभा राहतो, आणि तोवर माल उचलणे व झाडलोट यांपलीकडे काही करतो की नाही? रोजच्या कामाची नोंदवही कोणी तपासते काय? या प्रश्नांची दफ्तरी उत्तरे एक असतात आणि गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर पाळी सुटल्यानंतर मिळणारी दुसरी. माझा भरवसा टपरीवर अधिक आहे. तेथे आपल्याकडील पहिला प्रश्न नेहमी ‘परमनंट करतात का?’ हाच असतो. तो विचारावा, पण मुदतीअखेर नोकरी देण्याचे सरसकट बंधन कायद्याने मालकावर घातलेले नाही, हे ध्यानी ठेवून. परीक्षा देऊन मिळणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र मात्र मुलाचे स्वतःचे राहते, आणि दुसऱ्या कारखान्याच्या दारात ते उपयोगी पडते.

मुलीच्या बाबतीत घरात वेगळाच खल चालतो: पाळी कोणती, येणे-जाणे कसे, सोयरिकीत अडचण येईल काय. यांतील पहिले दोन प्रश्न रास्त असून त्यांची उत्तरे मिळतात. रात्रपाळीचे नियम करारापूर्वी विचारून घ्यावेत. तिसऱ्या प्रश्नात मला १८५० चा कायदा अजून बोलताना ऐकू येतो.

उमेदवार अज्ञान असेल तर करारनाम्यावर पालकाची सही लागते, आणि बहुतेक पालक ती न वाचता करतात. त्यात आपल्या बाजूचे पुष्कळ असते. उमेदवाराला नगावर मोबदला देता येत नाही, उत्पादन-बोनसच्या चढाओढीत ओढता येत नाही, सरकारी परवानगीवाचून जादा वेळ थांबवून घेता येत नाही. काम करताना इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर येते. धोकादायक उद्योगात अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय प्रवेश नाही, अन्यत्र किमान वय चौदा. उलटपक्षी करारातील अटी उमेदवाराकडून मोडल्या गेल्या आणि त्यापायी करार रद्द झाला, तर प्रशिक्षणाचा खर्च मालकाला परत करण्याचा प्रसंग येऊ शकतो. तेव्हा पंधरा दिवसांत कंटाळणाऱ्या मुलाला आग्रहाने तेथे बसविणे आर्थिक दृष्ट्याही शहाणपणाचे नाही.

सहीपूर्वी तो करारनामा मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. जे कलम उमजणार नाही त्याचा खुलासा, ज्याला लोक बीटीआरआय म्हणतात त्या मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्रात अवश्य विचारावा. शिकाऊ उमेदवारीचे कामकाज पाहणे हेच त्या कचेरीचे काम आहे.